ट्रॅकवर सहाव्या लॅपला ऑईल १३१. कूलर बसवू की आधी दुसरं काही बघू?

टेरीवाला_सोलापूर
रविवार, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. पोस्ट लांबणार आहे. आकडे दिल्याशिवाय इथं कुणी धड उत्तर देत नाही हे मागच्या वेळी कळलं, म्हणून सगळंच लिहितो.

गाडी जर्मन, दोन सीटची, इंजिन मध्ये, टर्बो. सेकंडहँड घेतली, माझ्याकडे तिसरं वर्ष. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. मागं टाकलं तर चाळीस पोस्टी ती कंपनी चांगली की वाईट यावरच झाल्या आणि माझा प्रश्न तसाच राहिला. रनिंग ४८,००० किलोमीटर, इंजिनला कुणी हात लावलेला नाही. ऑईल ५डब्ल्यू-४०, पुस्तिकेत दिलेल्या मान्यतेचं, ट्रॅकला जायच्या आधी बदललेलं.

फेब्रुवारीत ट्रेलरवर टाकून चेन्नईला नेली, इरुंगट्टूकोट्टईच्या ट्रॅकवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: लॅप ३.७ किलोमीटरची, वळणं १२. वीस-वीस मिनिटांची सेशन होती. हवा ३२-३३, आणि चेन्नईचा तो चिकट घाम. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला, डोंगल लावून मोबाईलवर सगळं नोंदवलं. दुसऱ्या सेशनचे तापमानाचे आकडे असे, अंशांत, आधी ऑईल मग कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी):

पहिली लॅप ९६ आणि ९२
दुसरी १०८ आणि ९७
तिसरी ११५ आणि १०१
चौथी १२० आणि १०५
पाचवी १२६ आणि १०९
सहावी १३१ आणि ११३

इथं मी पाय काढला. सातवी लॅप वरच्या गिअरमध्ये, आरपीएम खाली ठेवून फिरलो, तर ऑईल ११७ वर आलं. पिटमध्ये येताना ब्रेकचं पेडलही स्पंजासारखं लागत होतं, ते वेगळंच दुखणं.

रस्त्यावर ह्या गाडीला काही म्हणजे काही होत नाही. गेल्या मे महिन्यात बाहेर ४२ असताना एसी लावून अक्कलकोटला जाऊन आलो, ऑईल १०२ च्या वर गेलं नाही. आसरा चौकात सिग्नलला अडकलो की १०५, पंखा लागतो, परत खाली.

एका ट्यूनिंगवाल्याला फोन केला. त्यानं आकडे अर्धे ऐकले आणि म्हणाला, ऑईल कूलर टाका, ८५ हजार. मी टेरी टॉवेलवाला, डाइंगमध्ये हीट एक्स्चेंजर रोज बघतो. आमच्याकडे पाणी तापेना झालं की पहिल्यांदा एक्स्चेंजर उघडतो, नवीन विकत घेत नाही. म्हणून खिशात हात घालायच्या आधी इथं विचारतोय. कूलर लागेलच का?


चाटीगल्लीचा_पप्पू
रविवार, रात्री ११:०५

का बे, झोपत नाहीस व्हय? १०डब्ल्यू-६० टाक, विषय संपला. जाड तेल गरमीला दबत नाही. माझ्या बुलेटला मी ग्रेड वाढवून घातलो, मख्खन चालालीय. ८५ हजारात आख्ख्या गल्लीला हुरडा पार्टी हुईल.


डिझेलमामा
सोमवार, सकाळी ६:२०

मालक, मी चाळीस वर्षं डिझेल पंप आणि रेडिएटर केले, त्यातली शेवटची काही साखर कारखान्यात टर्बाइनच्या ऑईल कूलरशी मारामारी करण्यात गेली. रेसचा ट्रॅक फक्त टीव्हीवर पाहिलाय. पण तापलेलं तेल सगळीकडं सारखंच वागतं.

पप्पू, तुझी बुलेट हवेवर थंड होते आणि तू तिला ऐंशीच्या वर पळवत नाहीस, तिला राहू दे बाजूला. ४० काय नि ६० काय, तो आकडा १०० अंशाला तेल किती जाड राहतं याचा. चाळीसला साडेबारा ते सोळा सेंटिस्टोक, साठला बावीस ते सव्वीस. म्हणजे मालकांच्या इंजिनात जवळजवळ पावणेदोनपट जाड काकवी ओतायची. जाड तेल बेअरिंगमध्ये घुसळलं की स्वतःच जास्त तापतं, आणि कूलरमधून वाहतंही हळू. ताप उतरवायला गोधडी पांघरल्यासारखं आहे ते. ज्या इंजिनच्या फटी त्या तेलासाठी ठेवल्यात तिथं ते शोभतं.

आता मालकांचे आकडे. १३१ बघून घाबरू नका. चांगलं सिंथेटिक तेल त्याला मरत नाही, तेलांची एक परीक्षाच १५० अंशाला घेतात. खरी गोष्ट अशी की १३० ला तुमचं ४० चं तेल १०० च्या मानानं जवळपास निम्मं पातळ झालेलं असतं. म्हणून तापमानाच्या शेजारी ऑईल प्रेशर बघायचं. जुना ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय. तुमच्या डोंगलमध्ये प्रेशर येत असेल तर टाका इथं.

मला खुपतंय ते निराळं. तुमची ओळ कुठं टेकतच नाही. २ ते ६, प्रत्येक लॅपला पाच-सात अंश वर, पाचवीला सहा, सहावीला पाच. तब्येतीच्या गाडीत आकडा चढतो आणि मग एका जागी बसतो. १२५ ला बसला असता तर मी म्हटलं असतं खुशाल चालवा. तुमचा बसत नाही, म्हणजे आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे, आणि तुम्ही पाय काढला नसता तर अजून चढला असता.

दुसरं, पाणीही सोबत चढतंय. एकटं तेल चढलं असतं आणि पाणी ९५ वर बसून राहिलं असतं तर तुमच्या ट्यूनिंगवाल्याचं मी ऐकलं असतं. तुमच्या गाडीत तेलाला हवेचा वेगळा कूलर नसणार, तेल पाण्याला उष्णता देतं, पाणी पुढच्या रेडिएटरला, रेडिएटर हवेला. पाणीच ११३ असेल तर तेलानं जायचं कुठं? दोर शेवटच्या टोकाला अडकलाय. तिथं बघा.

आणि रस्त्यावर का दिसत नाही म्हणाल, तर १०० च्या वेगानं सरळ जायला अशा गाडीला वीसेक हॉर्सपॉवर पुरतात. तेवढ्याला अर्धा बुजलेला रेडिएटरही चालतो. ट्रॅकवर तुम्ही सगळे घोडे सोडता.

एक विचारतो, रागावू नका. गाडी लावता कुठं?


टेरीवाला_सोलापूर
सोमवार, सकाळी ९:१५

मामा, रागवायचं काय त्यात. गाडी कारखान्यात लावतो, अक्कलकोट रोड एमआयडीसी. लूमच्या शेडमागं पत्र्याचं छप्पर आहे, सावली असते म्हणून.

लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं. शेडचे एक्झॉस्ट पंखे त्याच बाजूला आहेत.

प्रेशर डोंगलमध्ये दिसत नाही, डॅशबोर्डवर आहे पण त्या वेळी बघायला डोळे मोकळे नव्हते.


डिझेलमामा
सोमवार, सकाळी ९:४०

हां. टेरीच्या कारखान्याचा भुरा मी पाहिलाय, दिवाळीच्या साफसफाईला ट्यूबलाइटवरून दाढी काढल्यासारखा निघतो.

तुमच्या गाडीला पुढं दोन रेडिएटर असतील, एकेका चाकाच्या पुढं. त्यांच्यापुढं एसीचे कंडेन्सर. दोघांच्या मध्ये बोटभर फट असते, कचरा तिथं बसतो. जाळीतून टॉर्च मारली तर कंडेन्सर चकचकीत दिसतो आणि माणूस फसतो. बंपर उतरवल्याशिवाय ती फट दिसत नाही.

उतरवायच्या आधी एक चाचणी करा, म्हणजे खात्रीनं हात घालाल. डाइंगमध्ये तापमान बघायची बंदूक असेलच. गाडी उभ्यानं चालू ठेवा, पंखे लागू द्या, मग दोन्ही रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या नळीवर मारा. रबरावर मारा. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती बंदूक खोटं बोलते, तिथं मारायचंच असेल तर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मारा. हवा अडली असेल तर पाणी जसं गरम आत गेलं तसंच बाहेर येतं. आतून नळ्या क्षारानं बुजल्या असतील तर रेडिएटरच्या अंगावर थंड पट्टे सापडतात. आधीच्या मालकानं बोअरचं पाणी ओतलं असेल तर तेही होऊ शकतं, आपल्याकडचं पाणी तुम्हाला सांगायला नको.


बार्शीकर_चेन्नईत
सोमवार, दुपारी १:३०

मी मूळचा बार्शीचा, नोकरीनं इकडं. त्या ट्रॅकवर वर्षातून तीन-चारदा जातो, माझी गाडी तुमच्याइतकी भारी नाही. मामांनी मुद्द्यावर बोट ठेवलंच आहे, मी फक्त चालवण्याबद्दल सांगतो.

रेडलाइनपर्यंत, म्हणजे आरपीएमच्या लाल खुणेपर्यंत, खेचू नका, पाचेकशे आरपीएम आधी गिअर टाका. टर्बो गाडीला वेळेत फारसा फरक पडत नाही आणि तेलाला बराच पडतो. सरळ पट्ट्यावर पुढच्या गाडीच्या शेपटीला चिकटून राहिलात तर तिची गरम हवा तुमच्या जाळीत येते, आणि तीही कमी. अर्धी गाडी बाजूला काढून चालवा. तेल तापायला वेळ लागतो तसा उतरायलाही लागतो, आकडा १२५ दिसल्यावर नव्हे, १२० ला एक हलकी लॅप घ्या.

शेवटची लॅप ब्रेक न वापरता. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड. आणि लगेच बंद करू नका, टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं.

ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?


टेरीवाला_सोलापूर
सोमवार, रात्री ९:५०

ब्रेक ऑईल मी घेतल्यापासून बदललेलं नाही. लिहिताना लाज वाटतेय.


बार्शीकर_चेन्नईत
सोमवार, रात्री १०:१०

मग पेडलचं कोडं सुटलं. ब्रेक ऑईल हवेतली ओल पितं. डॉट ४ ह्या प्रतीचं नवं असताना किमान २३० ला उकळतं, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. कॅलिपरमध्ये उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल स्पंज. तुम्ही पाय काढलात ते तेलासाठी, पण वाचलात ब्रेकमधून असं मला वाटतं. पुढच्या वेळी जायच्या आठवडाभर आधी चारही चाकांचं नवं टाका, सीलबंद डब्यातलं. नुसतं डॉट ५ लिहिलेलं मात्र चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं, ह्यात मिसळत नाही. ५.१ चालतं.


टेरीवाला_सोलापूर
पुढचा रविवार, सायंकाळी ७:२०

मामा, तुम्ही म्हणालात तसं केलं. चाकाच्या पुढचं प्लॅस्टिकचं लायनर दोन्हीकडचं सोडवलं. उजवीकडं आत ९४, बाहेर ८१. डावीकडं आत ९४, बाहेर ९०. दोनदा मारलं, तेच.

मग बंपर उतरवला. आमचा फिटर आणि मी, दोघांचे तीन तास गेले. लपलेले दोन स्क्रू हेडलाइटच्या खाली असतात, त्यांनीच तासभर खाल्ला.

डाव्या बाजूला कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत जे होतं त्याला कचरा म्हणवत नाही. चिमटीत धरून ओढलं तर सलग आलं, दोन वीत लांब, बोटाएवढं जाड. घोंगडीचा तुकडा म्हणून विकता आला असता. कापसाचा भुरा, त्यात धूळ मुरलेली, मेलेले किडे, आणि निळ्या-गुलाबी छटा. त्या छटा मी ओळखल्या, मागच्या वर्षीच्या एक्सपोर्ट ऑर्डरचे रंग आहेत ते. माझाच माल माझ्याच गाडीच्या नाकात. उजवीकडं निम्म्याहून कमी होता. डावी बाजू एक्झॉस्ट पंख्यांकडं असते, हिशेब बरोबर जुळतो.

मग एक गाढवपणा केला तोही लिहितो. लूम साफ करायची एअर गन घेतली आणि पुढून मारली, कारखान्याच्या पूर्ण प्रेशरनं. रेडिएटरची पाती एका जागी आडवी झाली, साधारण काडेपेटीएवढा पट्टा. फिटर ओरडला म्हणून थांबलो. नंतर मागून, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूनं, लांबून हळू हवा, मग साध्या पाइपचं पाणी, मग मऊ ब्रश. आडवी पाती दाताच्या पिनेनं उभी करत बसलो, सगळी नाही झाली.

परत मोजलं: उजवीकडं बाहेर ८०, डावीकडं ८२.

कूलंटही काढलं. तपकिरी नव्हतं, क्षार दिसला नाही. नवीन भरलं, पुस्तिकेतलं, निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी.


डिझेलमामा
रविवार, रात्री ८:०५

शाब्बास. काडेपेटीएवढ्यानं काही बिघडत नाही, माझ्या हातून याहून मोठे पट्टे आडवे झालेत. कूलंट निम्मं-निम्मं ठेवलंत ते चांगलं केलंत. आपल्याकडं बर्फ पडत नाही म्हणून काही जण नुसतं पाणी घालतात. पाणी उष्णता जास्त वाहतं हे खरं, पण गंज रोखणारी औषधं त्या कूलंटात असतात, आणि उकळायची हद्दही ते थोडी वाढवतं. बाकीची वाढवतो झाकणाचा दाब. म्हणून गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे फिटरलाही सांगून ठेवा.

तेलाची पातळी ट्रॅकला वरच्या खुणेपाशी ठेवा, खुणेच्या वर नको. कमी असलं तर लांब वळणात पंप हवा ओढतो, जास्त असलं तर क्रँक ताक घुसळल्यासारखा फेस करतो. फेसाला दाब नसतो.

ऑईल कूलरचं तूर्त विसरा. उद्या बसवायची वेळ आलीच तर थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. नाहीतर आपल्या डिसेंबरात रस्त्यावर तेल सत्तरच्या वर जाणार नाही आणि आतली ओल उडणार नाही.


टेरीवाला_सोलापूर
दोन महिन्यांनी, बुधवार, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. परत चेन्नईला जाऊन आलो. ह्या वेळी हवा ३६, म्हणजे फेब्रुवारीपेक्षा वाईट. ब्रेक ऑईल नवं, गाडीत बाकी काही बदल नाही, ८५ हजार अजून खिशात.

आकडे, आधी ऑईल मग कूलंट: दुसरी लॅप १०७ आणि ९५, तिसरी ११३ आणि ९७, चौथी ११८ आणि ९९, पाचवी १२१ आणि १००, सहावी १२२ आणि १०१, सातवी १२२ आणि १०१, आठवी १२२ आणि १०१.

मामा, टेकली तुमची ओळ. सातव्या लॅपला १२२ परत दिसलं तेव्हा मी हेल्मेटमध्ये एकटाच ओरडलो. ह्या वेळी प्रेशरही बघितलं, लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना ६,००० ला साडेचार बारच्या खाली नव्हतं. पेडल शेवटपर्यंत दगडासारखं. बार्शीकर भाऊ भेटले, त्यांनी इडली खाऊ घातली, मी शेंगाचटणी नेली होती.

एकच विचारायचंय. पुढच्या तोंडाला जाळी लावायची म्हणतो, म्हणजे भुरा आतच जाणार नाही. आमच्याकडं डासांची नायलॉनची जाळी पडलीय, ती चालेल?


डिझेलमामा
गुरुवार, सकाळी ६:१५

साडेचार बार म्हणजे साधारण ६५ पीएसआय, ठोकताळ्यापेक्षा वरच. मस्त.

डासांची जाळी अजिबात नको. डास अडतील आणि हवाही अडेल, परत तेच दुखणं पैसे देऊन आणल्यासारखं. तारेची घ्या, बोटाचं टोक जाईल एवढ्या चौकोनाची. त्यातून भुरा जाणारच. पण पानं, खडे, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडतील, आणि त्यांच्याच आधारानं भुरा धरतो. बंपर वर्षातून एकदा उतरवा, दिवाळीच्या साफसफाईला लूमबरोबर गाडीलाही धरा.

गाडी शेडमागून हलवली का?


टेरीवाला_सोलापूर
गुरुवार, सकाळी ८:५०

हलवली मामा. आता घरी लावतो, जुळे सोलापूरला. घरासमोर झाड आहे, दिवसभर सावली.


चाटीगल्लीचा_पप्पू
गुरुवार, सकाळी ९:०२

ते झाड कडुनिंबाचं आहे बे.